डोकेदुखीच्या वहीचे दहा महिने : पुण्यातील एका मायग्रेन क्लिनिकविषयी

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारले, "महिन्यातले किती दिवस तुमचे डोके अगदी स्वच्छ असते? जडपणा नाही, ठणका नाही, उजेडाचा त्रास नाही, असे दिवस किती?" गेली एकोणीस वर्षे मला सगळीकडे उलटा प्रश्न विचारला गेला होता, आणि 'महिन्यातून किती वेळा दुखते?' याला मी ठरल्याप्रमाणे 'चार-पाच वेळा' असे सांगत आले होते, कारण अंथरूण धरायला लावणारे दिवसच मी धरत होते. त्या दिवशी बोटांवर मोजत गेले तेव्हा स्वच्छ दिवस तेरावर थांबले. उरलेल्या सतरा दिवसांचा हिशेब मी स्वतःलाही कधी दिला नव्हता. सलग तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्याला पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस डोके दुखत असेल आणि त्यांतल्या किमान आठ दिवसांना मायग्रेनची लक्षणे असतील, तर त्याला जुनाट मायग्रेन म्हणतात, हे मला तिथे त्या प्रश्नानंतर कळले.

मी त्रेचाळीस वर्षांची आहे, साताऱ्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. कर्वे रस्त्याजवळच्या एका गल्लीत असलेल्या या क्लिनिकमध्ये मी गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून जात आहे. तिथे एक न्यूरॉलॉजिस्ट (मेंदू आणि मज्जातंतूंचे डॉक्टर), एक फिजिओथेरपिस्ट आणि एक समुपदेशक एकाच केसपेपरवर काम करतात. पुढे काही तक्रारी लिहिल्या आहेत, म्हणून क्लिनिकचे नाव देत नाही. मात्र तिथे काय विचारले जाते, काय केले जाते आणि काय राहून जाते ते सविस्तर लिहिते, म्हणजे एखादीला आपल्या गावातल्या डॉक्टरांकडूनही तेवढे मागून घेता येईल.

आमच्या घरी या दुखण्याला 'पित्त' म्हणत. आईचे डोके धरले की ती माजघरात अंधार करून, कपाळाला ओला पंचा घट्ट बांधून पडायची, उलटी झाली की तिला थोडे बरे वाटायचे, आणि उलटी झाली म्हणजे पित्तच होते असे सगळे म्हणायचे. माझेही तसेच झाले. आधी पित्ताच्या गोळ्या, मग चष्म्याचा नंबर, मग सायनसचा एक्स-रे, शेवटी एमआरआय. आणि एमआरआय स्वच्छ आला तेव्हा 'तुम्ही फार विचार करता' हा शेरा. या शेऱ्याने माझे जितके नुकसान केले तितके दुखण्याने केले नसेल. मळमळ, उलटी, उजेड आणि आवाज असह्य होणे, डोक्याच्या एका बाजूला ठणका लागणे, जिना चढल्यावर तो वाढणे, आणि उपचार न केल्यास हे सारे चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत चालणे, ही मायग्रेनची ठरलेली लक्षणे आहेत. एमआरआयमध्ये काही न दिसणे हे त्या आजारात नेहमीचेच असते. एवढे वाक्य कोणी मला पंधरा वर्षांपूर्वी सांगितले असते तर बरे झाले असते.

क्लिनिकमध्ये डॉक्टरांना भेटण्याआधी परिचारिका दोन प्रश्नावल्या भरून घेते. 'मिडास' नावाच्या पहिल्या प्रश्नावलीत मागच्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे अडलेल्या दिवसांविषयी पाच प्रश्न असतात आणि त्यांतले दोन फक्त घरकामाविषयीचे आहेत. मी त्या दोन्ही ठिकाणी शून्य लिहिले. परिचारिकेने कागद परत माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "ताई, स्वयंपाक झाला की नाही एवढेच नाही विचारले. डोके दुखत असताना नेहमीच्या निम्मेच काम झाले, असे किती दिवस गेले?" एका हाताने कपाळ दाबत फोडणी घातलेले, भाकरीऐवजी भात लावून उरकलेले, कपडे मशीनमध्ये तसेच आंबून गेलेले दिवस मग मी मोजले. बेरीज एकेचाळीस झाली. एकवीस आणि त्यापुढचा आकडा सर्वांत गंभीर श्रेणीत धरतात. दुसरी प्रश्नावली मनःस्थितीची होती, नऊ प्रश्नांची, आणि तिच्यातला शेवटचा प्रश्न जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का असा सरळ होता. माझे उत्तर 'नाही' होते. पण हा प्रश्न कोणीतरी विचारावा एवढे आपले दुखणे खरे आहे, ही जाणीव मला तिथल्या खुर्चीत झाली आणि डोळे भरून आले. त्या प्रश्नावलीत माझा आकडा मध्यम नैराश्याच्या पट्ट्यात होता. डॉक्टरांनी तो केसपेपरवर ठणक्याच्या शेजारीच लिहिला आणि सांगितले की मायग्रेन असलेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा अधिक आढळतात, एकामुळे दुसऱ्याची शक्यता वाढते आणि दुसऱ्यामुळे पहिल्याची, त्यामुळे दोन्हींकडे एकाच वेळी पाहायचे.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली. माझ्या पर्समध्ये, शाळेच्या कपाटात आणि स्वयंपाकघरातल्या डब्यात मिळून तीन प्रकारच्या गोळ्या होत्या, त्यांतली एक अर्गोटामाइन, कॅफिन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली, जी मेडिकलमध्ये मला कोणी चिठ्ठी न मागता वर्षानुवर्षे मिळत होती. महिन्याला सोळा-सतरा दिवस मी काही ना काही घेत होते. अशा मिश्र गोळ्या किंवा मायग्रेनचा झटका थांबवण्यासाठीची ट्रिप्टान गटातली औषधे महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, आणि साधी वेदनाशामके पंधरा किंवा जास्त दिवस, असे काही महिने घेत राहिले तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. ती गोळी मी कधी घेते हे डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा कळले की अनेकदा डोके दुखण्याआधीच घेते: पालकसभा आहे, निकालाचे काम आहे, नणंदेकडे बारसे आहे, आणि त्या दिवशी डोके धरले तर काय, या भीतीने. मनातली भीती गोळीत उतरत होती आणि गोळी पुढच्या दुखण्यात. शरीर आणि मन एकमेकांत कुठे गुंतले आहेत याचे याहून नेमके उत्तर मला कोणी दिले नव्हते.

गोळ्या बंद करण्यासाठी त्यांनी माझ्या शाळेचे वेळापत्रक पाहिले आणि मे महिन्याच्या सुट्टीचा पहिला आठवडा ठरवला, कारण बंद केल्यावर काही दिवस दुखणे आधी वाढते. ते वाढलेच. चौथ्या दिवशी केसांतून कंगवा फिरवणे सहन होत नव्हते, उशीचा स्पर्शही टोचत होता. क्लिनिकमधून त्या आठवड्यात दोनदा फोन आला, आणि मला वाटते मी टिकले ती त्या दोन फोनांमुळे.

रोज रात्री घेण्यासाठी अमिट्रिप्टिलीनची दहा मिलिग्रॅमची गोळी दिली गेली. ती देतानाच डॉक्टर म्हणाले, "मेडिकलमध्ये तुम्हाला सांगतील की ही डिप्रेशनची गोळी आहे. मूळ औषध त्यासाठीच आले, पण एवढ्या कमी मात्रेत आम्ही ते मायग्रेनची वारंवारता कमी करण्यासाठी देतो." साताऱ्यात मेडिकलवाल्याने अक्षरशः तेच वाक्य म्हटले, आणि आधी सांगून ठेवले नसते तर मी ती गोळी नक्की टाकून दिली असती. तोंड कोरडे पडणे आणि सकाळी गुंगी राहणे हे त्रास झाले. गोळीची वेळ दहावरून साडेआठवर आणल्यावर गुंगी गेली, कोरड अजून आहे. प्रतिबंधासाठी दुसरी औषधेही असतात, आणि बाईच्या बाबतीत निवड करताना बरेच पाहावे लागते. व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट गर्भाला अपाय करू शकतात, फ्लुनारिझिनने वजन वाढू शकते आणि मन खचू शकते, दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल टाळतात. माझा नैराश्याचा आकडा पाहून फ्लुनारिझिन बाजूला ठेवले, हे त्यांनी मला समजावून सांगितले. दोन प्रश्नावल्या भरून घेण्याचा उपयोग असा औषधाच्या चिठ्ठीपर्यंत पोहोचलेला मी पाहिला.

क्लिनिकने दिलेली वही हा या सेवेचा कणा आहे. तारीख, झोपेचे तास, जेवणाच्या वेळा, पाळीचा दिवस, दुखण्याची तीव्रता शून्य ते दहा, घेतलेले औषध, आणि 'आदल्या दिवशी काही वेगळे जाणवले का' हा शेवटचा रकाना. वही फक्त इंग्रजीत होती. मी रकान्यांची नावे मराठीत लिहून ती पाने त्यांना दिली. पुढच्या भेटीपर्यंत ती छापून आली होती, याचे मला मनापासून कौतुक वाटले.

तीन महिन्यांची पाने डॉक्टरांनी टेबलावर ओळीने मांडली तेव्हा दोन गोष्टी माझ्यासारख्या गणिताच्या शिक्षिकेला आधीच दिसायला हव्या होत्या. पहिली पाळीची. पाळी सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतच्या पट्ट्यात माझे सर्वांत तीव्र झटके गोळा झाले होते. त्या दिवसांत इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनची पातळी घसरते आणि ती घसरणच मेंदूला झोंबते. वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्यात मायग्रेनचे प्रमाण जवळपास सारखे असते आणि त्यानंतर ते स्त्रियांत सुमारे तिप्पट होते. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यानंतर अनेकींचे दुखणे कमी होते (माझेही झाले होते, आणि सासूबाई त्याचे श्रेय डिंकाच्या लाडवांना देत), रजोनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत ते उसळते आणि पाळी कायमची थांबल्यावर बहुधा ओसरते. माझे वय त्या उसळीचे आहे हे ऐकून मला दुःख झाले नाही, उलट धीर आला.

दुसरी गोष्ट शनिवारची. दहापैकी सात शनिवारी दुपारी दोननंतर डोके धरले होते. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून पहाटे साडेचारला उठणे. मारुतीचा उपवास, म्हणून सकाळपासून फक्त चहा. उन्हातून स्कूटरवरून घरी येणे. आणि आठवडाभराचा ताण उतरायला लागणे. ताण चढताना जितके दुखते तितकेच तो एकदम उतरल्यावरही दुखू शकते, हे मला समुपदेशकांनी सांगितले. यांतले एकेक कारण सुटे असते तर कदाचित काही झाले नसते. चारही एकावर एक रचली जात होती. उपवास सोडा असे मला कोणीही म्हणाले नाही. दर तीन तासांनी दूध, राजगिऱ्याचा लाडू किंवा मूठभर शेंगदाणे खायचे आणि झोपण्या-उठण्याच्या वेळांत तासाभराहून जास्त फरक पडू द्यायचा नाही, एवढे ठरले. माझी श्रद्धा आणि माझे डोके यांच्यात भांडण लावले नाही, म्हणून ते ठरलेले मी पाळू शकले.

फिजिओथेरपीविषयी थोडक्यात लिहिते, कारण तिथे मला अपेक्षेपेक्षा कमी मिळाले. फळ्यावर हात उंच धरून लिहिणे आणि मान खाली घालून वह्या तपासणे यांमुळे मान आखडते, म्हणून माझे सगळे दुखणे मानेतूनच येते अशी माझी ठाम समजूत होती. मानेच्या वरच्या भागातल्या नसा आणि चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस यांचे संदेश मेंदूच्या खालच्या भागात एकाच जागी येतात, त्यामुळे मान आखडणे हा अनेकदा झटक्याचाच एक भाग असतो, हे फिजिओथेरपिस्टबाईंनी कागदावर आकृती काढून दाखवले. व्यायाम दिले, आठवड्यातून पाच दिवस वेगाने चालायला सांगितले. चालण्याचा उपयोग झाला. पण सहा सत्रांचे काम तीनमध्ये आटोपले असते असे माझे मत आहे.

समुपदेशकांची सत्रे मात्र एकही वाया गेले नाही. पहिल्या सत्रात त्यांनी माझ्या तर्जनीला एक लहानसा सेन्सर लावला, ज्याची तार एका पडद्याला जोडलेली होती. पडद्यावर बोटाचे तापमान दिसत होते, एकोणतीस अंश. ताणात हाताकडचा रक्तप्रवाह कमी होतो आणि बोटे गार पडतात. डोळे मिटून, पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू आवळून सोडत मी वीस मिनिटे बसले आणि डोळे उघडले तेव्हा आकडा बत्तीसच्या वर होता. 'शांत राहा' असे मला आयुष्यभर सांगितले गेले होते. ते करायचे कसे, आणि झाले की नाही ते कसे ओळखायचे, हे पहिल्यांदा कोणी शिकवले. स्नायूंच्या शिथिलीकरणाची पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. अशा तंत्रांचा आणि विचारांच्या सवयी बदलणाऱ्या उपचारांचा मायग्रेनमध्ये उपयोग होतो, याला संशोधनाचा आधार आहे.

पाचव्या सत्राला त्यांनी माझ्या पतींना बोलावले. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "ही चिडली की हिचे डोके दुखते, असे मला वाटते. म्हणून मी म्हणतो, चिडू नकोस." समुपदेशकांनी वहीचा शेवटचा रकाना उघडून त्यांच्यापुढे ठेवला. तिथे माझ्याच अक्षरात होते: चिडचिड, सारख्या जांभया, गोड खावेसे वाटले, मान जड. त्या नोंदींच्या तारखा झटक्याच्या आदल्या दिवसाच्या होत्या. "झटका सुरू झालेला असतो," त्या म्हणाल्या, "दुखणे नंतर येते. चिडचिड हे त्याचे पहिले पाऊल आहे." हे बराच वेळ पान उलटत राहिले. परतीच्या एसटीत खंबाटकी घाट उतरेपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही, आणि मग ते म्हणाले, "मला वाटायचे, तू भांडून मग झोपून राहतेस." आता मी जांभया द्यायला लागले की रात्रीचा स्वयंपाक ते हातात घेतात.

एक गोष्ट इथे ठळकपणे लिहायलाच हवी. झटक्यापूर्वी मला अधूनमधून ऑरा येतो: फळ्यावर लिहिलेल्या समीकरणातला मधला अंक दिसेनासा होतो, त्या जागी चमकती नागमोडी रेघ थरथरू लागते आणि वीस-पंचवीस मिनिटांत पसरत जाऊन नाहीशी होते. पाळीत फार रक्तस्राव होतो म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी मला इस्ट्रोजेन असलेल्या हॉर्मोनच्या गोळ्या सुरू केल्या होत्या आणि डोकेदुखीविषयी तिथे कोणी चकार शब्द विचारला नव्हता. ऑरासहित मायग्रेन असलेल्या स्त्रीला अशा गोळ्यांमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. हे कळले त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टनी त्या थांबवल्या. ज्या बहिणींना ऑरा येतो त्यांनी कोणतीही हॉर्मोनची गोळी घेण्याआधी हे स्वतःहून सांगावे, विचारण्याची वाट पाहू नये.

मात्र नेमक्या याच ठिकाणी क्लिनिक अपुरे पडले. स्त्रियांच्या डोकेदुखीवर काम करणाऱ्या या चमूत स्त्रीरोगतज्ज्ञ नाहीत. मला पत्र देऊन बाहेर पाठवले, ते पत्र तयार व्हायला तीन आठवडे लागले, आणि तेवढ्या काळात रक्तस्रावाने माझे हिमोग्लोबिन साडेनऊच्या खाली गेले. पुढे गर्भाशयात बसवायचे, लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हॉर्मोन सोडणारे साधन बसवले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, म्हणून आज ठीक आहे. पण या दिरंगाईचा मला राग आहे आणि तो मी त्यांना लेखी कळवला आहे. प्रतीक्षागृहाविषयीही कळवले. उजेड, आवाज आणि वास यांनी ज्यांचा जीव कासावीस होतो अशा बायका जिथे तास-सव्वा तास बसतात, तिथे लुकलुकणारी ट्यूबलाइट, चालू टीव्ही आणि मोगऱ्याचा फवारा असावा हे मला समजत नाही. टीव्ही बंद झाला, ट्यूब बदलली. फवारा अजून आहे, म्हणून मी खिडकीजवळ बसते.

खर्च असा आला: पहिली भेट अठराशे रुपये, पुढच्या पाच भेटी प्रत्येकी नऊशे, समुपदेशनाची आठ सत्रे प्रत्येकी बाराशे, फिजिओथेरपीची सहा सत्रे प्रत्येकी सहाशे, एकूण १९,५०० रुपये, औषधे आणि एसटीचे भाडे वेगळे. माझ्या आरोग्य विम्यात यातला एक रुपयाही बसला नाही. समुपदेशक आठवड्यातून दोनच दिवस असतात आणि बाहेरगावाहून येणाऱ्यांना एकाच दिवशी डॉक्टरांची आणि समुपदेशकांची अशा दोन्ही वेळा मिळतीलच असे नाही, त्यामुळे फोनवर तसे आग्रहाने मागून घ्यावे लागते. ज्यांना हा खर्च झेपणारा नाही त्यांनी निदान वही आजपासून सुरू करावी, ती घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे, आणि मन फार खचले असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

जानेवारीत पुन्हा भरलेल्या मिडास प्रश्नावलीत एकेचाळीसचे चौदा झाले. स्वच्छ दिवस आता महिन्याला बावीस-तेवीस असतात. झटका आला की ट्रिप्टानची गोळी लवकर घेते, महिन्यात आठ दिवसांच्या आत ठेवते, आणि किती घेतल्या ते वहीत लिहिते. पाळीच्या आधीचे दोन दिवस अजूनही कठीण जातात. मागच्या महिन्यात त्यांतल्या एका दिवशी मी नववीच्या वर्गातून मध्येच उठून गेले आणि वर्ग शेजारच्या बाईंकडे दिला, पूर्वीसारखी दात आवळून फळ्यापुढे उभी राहिले नाही. पुढची भेट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. अमिट्रिप्टिलीन कमी करायची की सुट्टी लागेपर्यंत थांबायचे, ते त्या दिवशी वही पाहून ठरेल.